पोराला टेरेन पार्कमधून बाहेर काढू की मीच आत शिरू?

प्रश्न (पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय):

ताई, मी ४३ वर्षांचा, मूळ सांगली जिल्ह्यातला, गेली अकरा वर्षं डेन्व्हरजवळ राहतो. मुलगा १४ वर्षांचा आहे, पाच सीझन स्नोबोर्ड करतोय आणि यंदा मित्रांबरोबर सारखा टेरेन पार्कमध्ये (स्की रिसॉर्टमधला उड्या-कसरतींचा भाग) असतो. मी स्की करतो, चौथा सीझन, निळ्या (मध्यम अवघड) रनवर आरामात उतरतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याने मीडियम साइझची जंप मारली, मी खाली उभा राहून व्हिडिओ काढत होतो. व्हिडिओत दिसतं की रॅम्पच्या जरा आधी त्याने ब्रेक मारला, मग उडी कमी पडली, तो कडेवर आपटला आणि डोक्याची मागची बाजू बर्फावर लागली. हेल्मेट होतं, स्वतःच उठला, हसला पण. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाला, आम्हाला वाटलं उंचीमुळे असेल, टायलेनॉल दिली, दुसऱ्या दिवशी परत दोन तास खेळला. व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर गेला तेव्हा बायकोला कळलं आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. ती म्हणते बोर्ड विकून टाक. मला वाटतं बंदी घातली तर तो लपून करेल. आणि खरं सांगायचं तर मलाही पार्कमध्ये शिकायचंय, पण या वयात हे बोलायची लाज वाटते. पार्क खरंच इतका धोक्याचा असतो का, की आम्हीच घाबरट आहोत?

उत्तर:

तू ताई म्हणालास म्हणून मी सरळ तू म्हणतेय. तुझ्या तिन्ही प्रश्नांवर बोलूच, पण त्याआधी तू न विचारलेली एक गोष्ट. मुलाला डॉक्टरकडे नेलंस का? पत्रात कुठेच उल्लेख नाही. नेलं नसशील तर पुढचं वाचायच्या आधी त्याच्या पीडियाट्रिशियनला फोन कर आणि जे मला लिहिलंस तेच जसंच्या तसं सांग, मागच्या बाजूला मार, संध्याकाळी डोकेदुखी, दुसऱ्या दिवशी परत बोर्डवर. तीन आठवडे झाले, आता ठीक दिसतोय, तरी सांग. आणि त्याला नीट बसवून विचार की शाळेत लक्ष लागतंय का, स्क्रीनकडे बघून डोकं चढतं का, झोप बिघडलीय का, उगाच चिडचिड होतेय का. चौदा वर्षांची मुलं हे आपणहून सांगत नाहीत कारण त्यांना माहीत असतं की सांगितलं की बोर्ड जाणार.

हे मी तुला दोष द्यायला म्हणत नाहीये. डोकं दुखतंय म्हणजे उंचीमुळे असेल हा अंदाज कोलोरॅडोत कुणीही करेल, ब्रेकनरिज गावच मुळात २,९०० मीटरच्या वर आहे, आपण डेन्व्हरहून दोन तासांत गाडीने वर चढतो आणि पाणी प्यायचं विसरतो, डोकं दुखतंच. म्हणूनच तर घोटाळा होतो. उंचीची डोकेदुखी आणि कन्कशनची, म्हणजे माराने मेंदू हादरल्याची, डोकेदुखी पहिल्या संध्याकाळी अगदी सारखी दिसू शकते, तेव्हा नियम एकच ठेवायचा: त्या दिवशी डोक्याला मार लागलेला असेल तर डोकेदुखी माराचीच धरायची, उंचीची नाही. टायलेनॉल दिलीस यात चूक काही नाही, पण गोळीने दुखणं उतरलं म्हणजे मेंदू बरा झाला असं होत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे ते दोन तास मला सगळ्यात जास्त खटकले कारण मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट ठरू शकतो. कोलोरॅडोत २०११ साली याच्यावर कायदाच झाला, ११ ते १८ वयाच्या मुलाला खेळताना कन्कशनची शंका आली तर कोचने त्याला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. तो कायदा टीमच्या कोचसाठी आहे, शनिवारी आपल्या बाबांबरोबर आलेल्या मुलाला तो लागू नाही. तिथे कोच तूच आहेस.

बाकी वाचणाऱ्यांसाठी पण सांगून ठेवते. परत परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न उठवता येण्याइतकी झोप, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, बोलणं अडखळणं, हात किंवा पाय लुळा पडणं, फिट येणं, यातलं एक जरी दिसलं तर घरी वाट बघत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सी. आणि डोंगरावर असताना पडलेल्या माणसाला आपण ओढून बाजूला करायचं नाही, मानेला मार असू शकतो, स्की पॅट्रोलला (रिसॉर्टच्या मदत पथकाला) बोलवायचं. त्यांचा नंबर रिसॉर्टच्या नकाशावर असतो, सकाळी पार्किंगमध्येच फोनमध्ये सेव्ह करून टाकायचा.

आता हेल्मेट. 'हेल्मेट होतं' हे वाक्य तू पत्रात तीनदा लिहिलंयस (वर मी एकदाच ठेवलं). हेल्मेट हवंच, त्याशिवाय पार्कमध्ये पाऊल टाकायचं नाही, आणि सायकलचं नाही तर बर्फाचं, आत एएसटीएम एफ २०४० असा शिक्का असलेलं. पण हेल्मेट कवटीला वाचवतं. आतला मेंदू झटक्याने हलतो तो हेल्मेटच्या आत पण हलतोच. केव्हिन पिअर्स हा अमेरिकेचा नावाजलेला स्नोबोर्डर ३१ डिसेंबर २००९ ला युटामधल्या पार्क सिटीत हाफपाइपमध्ये (अर्ध्या नळीसारखी बर्फाची घळ) ऑलिंपिकचा सराव करताना पडला, डोक्यावर हेल्मेट होतं, त्यामुळे जीव वाचला असंच सगळे मानतात, पण मेंदूला इतकी मोठी इजा झाली की स्पर्धेत तो परत कधी उतरला नाही. तुझ्या मुलाची जंप आणि ते हाफपाइप यांची तुलना नाहीये, मला फक्त 'हेल्मेट होतं' याच्यापुढे तू टाकलेला पूर्णविराम काढायचाय. आणि त्या दिवशीचं हेल्मेट आता बाद समज. आतला फोम एकदा दबला की दुसऱ्यांदा काम करत नाही, बाहेरून नवं दिसलं तरी.

तो ब्रेक. तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली आणि तू ती जाता जाता लिहिलीयस. आपल्याला, म्हणजे आईबापांना, वाटतं की हळू म्हणजे सेफ. रस्त्यावर ते खरं आहे. जंपवर नाही. पार्कमधली जी नेहमीची जंप असते तिला टेबलटॉप म्हणतात, आधी चढता रॅम्प, त्याच्या टोकाला लिप, मग टेबलासारखा सपाट भाग, त्याला डेक म्हणतात, तो जिथे संपून उतार सुरू होतो ती कड म्हणजे नकल, आणि त्याच्या पुढचा उतार म्हणजे लँडिंग. ही सगळी रचना एकाच हिशोबावर उभी आहे, की माणूस डेक ओलांडून उतारावर उतरेल. उतारावर उतरलं की हवेतून खाली येण्याची दिशा आणि बर्फाची दिशा जवळजवळ एक होते, शरीर घसरत पुढे जातं, दणका बसत नाही. तेच सपाटीवर पडलं की सगळा वेग अंगावर येतो. दीड मीटरवरून सपाट जागी पडलं तर आपटताना वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळ असतो, तीन मीटरवरून ताशी २८ च्या आसपास. म्हणजे मोठी जंप नीट उतरणारा पोरगा हसत पुढे जातो आणि छोट्या जंपवर कमी पडलेला पोरगा कडेवर आपटतो. तुझ्या मुलाचं तेच झालं. जास्त वेगाने जाऊन लँडिंगच्या पण पुढे सपाटीवर पडणं हे त्याहून वाईट, कारण तिथपर्यंत उंची अजून वाढलेली असते.

मग त्याने ब्रेक का मारला? घाबरला म्हणून. आणि घाबरणं बरोबरच होतं, कारण त्या जंपला किती स्पीड लागतो हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून तू जो प्रश्न विचारतोयस, पार्क धोक्याचा आहे का, त्याचं माझं उत्तर असं की पार्क धोक्याचा आहे, पण तो धोका आधी वाचता येतो, आणि तुझ्या मुलाला अजून तो वाचायला कुणी शिकवलेलं नाही. पाच सीझन बोर्ड करणं वेगळं आणि हे वेगळं. तो ज्या पायरीवर उभा होता ती त्याची नव्हती, एवढंच. तुमच्या घरात वाद चाललाय तो करू द्यायचं की बंद करायचं यावर, आणि मला वाटतं तो वादच थोडा बाजूला ठेवून आधी त्याची पायरी कुठली ते बघा.

तू सांगलीकडचा ना, विहिरीत पोहायला शिकला असशील. पाठीला डबा बांधून, आधी पायऱ्यांवरून, मग खालच्या काठावरून, आणि वरच्या थारोळ्यावरून उडी मारायला कुणी पहिल्या उन्हाळ्यात सोडत नसे. उडी मारायच्या आधी खाली कोण आहे का बघायचं, 'येतोय रे' म्हणून ओरडायचं, खाली असलेला बाजूला सरकायचा, मग उडी. आणि अनोळखी विहीर असेल तर आधी उतरून पाणी किती आहे, खाली दगड कुठे आहे बघायचं. टेरेन पार्कमध्ये याच्याहून फार वेगळं काही नाही, खरंच. हे तू त्याला सांगू शकतोस आणि तुझ्याकडून ते त्याला खरं वाटेल.

पार्कच्या तोंडाशी नारिंगी रंगाचा लंबगोल बोर्ड असतो, त्याचा अर्थ इथून पुढे फ्रीस्टाइल टेरेन. शेजारी स्मॉल, मीडियम, लार्ज असं लिहिलेलं असतं. पण हे साइझ सगळीकडे सारखे नसतात, एका रिसॉर्टचं मीडियम दुसऱ्याकडचं लार्ज असू शकतं, म्हणून 'मी मीडियम करतो' या वाक्याला नवीन ठिकाणी काही किंमत नाही. अमेरिकेतल्या स्की एरियांच्या संघटनेचा स्मार्ट स्टाइल नावाचा उपक्रम आहे, त्यात पाचच गोष्टी सांगतात: लहानापासून सुरुवात, आधी प्लॅन, उडी मारण्याआधी बघणं, दुसऱ्यांचा मान, आणि जमेल तेवढंच. साध्या वाटतात पण शनिवारी दुपारी अर्धा तास पार्कच्या कडेला उभा राहा आणि मोज, पाचही पाळणारी मुलं किती दिसतात.

प्रत्यक्षात काय करायचं तर दिवसाची पहिली फेरी काहीच न करता. पार्कमधून बाजूबाजूने उतरायचं, प्रत्येक जंप, बॉक्स, रेल (वरून घसरत जायच्या पेट्या आणि दांड्या) नुसती बघायची. कालची जंप आज तीच नसते, रात्री मशीनने परत घडवतात, कधी रेलची जागा बदलतात, सकाळी बर्फ टणक असतो तेव्हा स्पीड जास्त येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बर्फ पाणचट झाला की बोर्ड चिकटल्यासारखा होतो आणि सकाळी जिथे आरामात पोचत होतो तिथेच कमी पडतो. पुढचा कुठून सुरुवात करतोय ते बघायचं, नेहमी येणाऱ्यांना विचारायचं, 'या जंपला कुठून सोडतोस?' मुलं छान सांगतात. पण कुणाच्या मागे डोळे झाकून त्याच्याच स्पीडने जायचं नाही, वजन वेगळं असतं, बोर्डला लावलेलं वॅक्स वेगळं असतं.

आणि निर्णय वर घ्यायचा, रॅम्पवर नाही. हे वाक्य फ्रिजवर चिकटवलंस तरी चालेल. स्पीड जास्त वाटतोय तर बराच आधी कमी करायचा, शंका वाटली तर जंपच्या बाजूने निघून जायचं, कुणी हसत नाही. रॅम्पवर आल्यावर ब्रेक हा पर्यायच नाही. इथले इन्स्ट्रक्टर प्रत्येक उडीचे चार भाग करून शिकवतात, जवळ येणं, टेकऑफ, हवेतलं काम आणि लँडिंग, आणि सगळी मुलं तिसऱ्याच भागाचा विचार करतात. तुझ्या मुलाला दोन-तीन आठवडे (डॉक्टर हो म्हणाल्यावर!) फक्त पहिल्या आणि चौथ्या भागावर ठेव. छोट्या रोलरवर (बर्फाचा गोलसर उंचवटा) गुडघे-घोटे वाकवून जाणं, बर्फ न सोडता. मग स्मॉल जंपवर सरळ उडी, काही वळणं-बिळणं नाही, लिपवर बोर्ड सपाट, अंग मागे झुकलेलं नाही, नजर लँडिंगवर. दहातल्या दहा वेळा उतारावर त्याच जागी उतरला आणि आज कुठून सुटायचं हे त्याने स्वतः, तुला आधी सांगून, बरोबर ठरवलं, की मग मीडियम. दहातल्या सात नाही. हा आकडा माझा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, पण माझ्या घरात तो चालला.

बॉक्स आणि रेलबद्दल लोकांना वाटतं की त्या जमिनीलगत असतात म्हणून सोप्या. मी स्वतः एका छोट्या बॉक्सवर मनगट मोडून घेतलंय, वय तेव्हा ४१, दुसराच सीझन स्नोबोर्डचा. बर्फावर तोल गेला की आपण बोर्डची कडा रोवतो, पायांना तीच सवय असते. बॉक्सवर कडेला पकड नाही, प्लास्टिक आहे ते, कडा टेकवली की पाय सरकन खालून जातात. मी मागे पडले आणि हात मागे टेकवला. सहा आठवडे प्लास्टर होतं, मुलीची वेणी घालता येत नव्हती, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं ते दुखण्याचं नाही, तर त्या दिवशी इन्स्ट्रक्टर मला म्हणाली होती की आधी बर्फावर ओढलेल्या रेषेवरून सपाट बोर्डने जाऊन दाखव आणि मी दोनदा करून 'जमलं' म्हणून पुढे गेले, त्याचं. स्नोबोर्ड शिकणाऱ्यांमध्ये मनगटाची दुखापत सगळ्यात जास्त दिसते. रिस्ट गार्ड घाल म्हणावं त्याला, ग्लोव्हजच्या आत बसणारे मिळतात, मित्रांना दिसत पण नाहीत. आणि पडताना मूठ बंद, हात छातीजवळ, पूर्ण कोपरापासूनचा हात टेकवायचा, तळवा नाही. हे घरी गादीवर शिकवता येतं, रोज पाच मिनिटं.

विहिरीचं 'येतोय रे' इथे पण आहे. वर रांग असते, आपला नंबर आला की हात वर करून 'ड्रॉपिंग' असं ओरडायचं, एका वेळी एकच. लँडिंग वरून दिसत नसेल तर मित्राला नकलच्या बाजूला उभं करायचं, तो हात करेल तेव्हाच निघायचं. पडलास तर आधी बाजूला सरक, मग कपडे झाड. कुणी पडून उठत नसेल तर एकाने धावत वर जाऊन लिपच्या आधी उभं राहून डोक्यावर दोन्ही हातांची फुली करून पुढच्यांना थांबवायचं, बोर्ड किंवा स्की असतील तर त्यांची फुली रोवायची. लँडिंगच्या खाली उभं राहून गप्पा आणि फोटो अजिबात नाही. जबाबदारीचे जे नियम स्की लिफ्टच्या खांबांवर लावलेले असतात ते २०२२ मध्ये सातचे दहा झाले, ते एकदा दोघांनी मिळून लिफ्टवर बसल्या बसल्या वाचा. आणि कानातले इअरफोन पार्कमध्ये काढायचे, मागून कोण ओरडतंय ते ऐकू आलं पाहिजे.

आता जरा नाजूक गोष्ट. व्हिडिओ. तू खाली कॅमेरा धरून उभा होतास, मुलाला ते माहीत होतं. मला त्याचं मन माहीत नाही, पण चौदा वर्षांच्या मुलाला, बाबा शूट करतायत आणि तो व्हिडिओ सांगलीला आजी-आजोबांपासून काका-आत्यांपर्यंत सगळ्यांना जाणार आणि सगळे टाळ्यांचे इमोजी टाकणार, हे माहीत असताना बाजूने निघून जाणं किती सोपं असेल? तूच सांग. मागच्या महिन्यातले व्हिडिओ उघडून बघ, स्मॉल जंपवर नीट उतरलेल्याचा एक तरी पाठवला होतास का? नसेल तर त्याच्यापर्यंत जे पोचायचं ते पोचलंय. तू मुद्दाम केलं नाहीस, आपण सगळेच करतो, लांब राहणाऱ्या घरच्यांना पोरांचं कौतुक दाखवायचं असतं आणि ते प्रेमच आहे. पण निदान हा सीझनभर कॅमेरा त्याच्या शिकण्यासाठी वापर, ग्रुपसाठी नको. बाजूने उभा राहून, लँडिंगपासून लांब, काढ, आणि लिफ्टवर दोघं मिळून बघा, कुठून सुटला, गुडघे कुठे होते, कुठे उतरला. स्की करत करत एका हातात फोन धरून त्याच्या मागे जाणं हे मात्र कृपा करून करू नकोस.

बंदीबद्दल तुझं म्हणणं मला पटतं, लपून करेल. आणि लपून करणं म्हणजे बहुतेक वेळा पार्कच्या बाहेर, झाडांच्या मागे कुठेतरी मुलांनी फावड्याने स्वतः बांधलेली जंप, जिला लँडिंगचा उतार कुणी मोजलेला नसतो, खाली दगड आहे का कुणी बघितलेलं नसतं आणि पॅट्रोल तिथून जात नाही. पार्कमधली जंप निदान बांधणाऱ्याने विचार करून बांधलेली असते. पण म्हणून तुझी बायको चुकतेय असं नाही. तिच्या बाजूने बघ ना, तिला अपघात कळला तो ग्रुपवरच्या व्हिडिओवरून, तोही इतरांबरोबर. मला वाटतं तिचा राग बोर्डपेक्षा याच्यावर जास्त असेल. तिला 'घाबरट' हा शब्द लावू नकोस, मनात पण नको. त्या संध्याकाळी ती बरोबर असती तर डोकेदुखी कदाचित तिने जास्त गंभीर घेतली असती. तिला एकदा बरोबर ने, स्की येत नसेल तरी चालेल, काही रिसॉर्टमध्ये पार्कची खालची बाजू पायी जाऊन बघता येते, आणि मुलालाच सांगू दे आईला की नकल कुठे आहे आणि तो कुठे चुकला. त्याला ते सांगता आलं तर तो शिकतोय. नाही आलं तर तो अजून मीडियमला तयार नाही, आणि हे तिघांनाही एकदम कळेल, कुणाला नाही म्हणावं लागणार नाही. आणि एक अधिकार तिला पूर्ण द्या: डोक्याला मार लागला की परत कधी जायचं हे डॉक्टर आणि आई ठरवणार, तू नाही आणि तो तर नाहीच.

राहिलं तुझं शिकणं. लाज कसली रे? ४३ हे काही वय नाही, पण ४३ चे गुडघे हे ४३ चेच असतात, तेवढं मान्य करून सुरू कर. स्कीवाल्यांची मोठी दुखापत म्हणजे गुडघ्यातला एसीएल लिगामेंट, आणि घाबरून मागे बसल्यासारखं होऊन उतरलं की तो जायची भीती जास्त. म्हणून नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली, हात पुढे दिसतील असे, हे निळ्या रनवर खडबडीत जागी पण टिकतंय का ते आधी बघ. टिकत नसेल तर पार्क अजून महिनाभर लांब. दिवसाच्या शेवटी 'एक शेवटची' म्हणून जंप नको, मांड्या थकलेल्या असतात. काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवू नकोस. बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) डीआयएन आकडा, म्हणजे ती किती जोराला सुटेल तो, मित्राच्या सांगण्यावरून वाढवू नकोस, दुकानात तुझं वजन-उंची-वय-बुटाची लांबी बघून लावलाय तोच राहू दे. आणि मुलावर लक्ष ठेवायला म्हणून आत जाऊ नकोस, स्वतःला शिकायचंय म्हणून जा. लक्ष ठेवायला गेलेला बाप मुलाच्या मागे मोठ्या जंपपर्यंत ओढला जातो, मी पाहिलंय.

दोघांनी एकेक लेसन घ्या, फ्रीस्टाइलसाठी वेगळा मागा, आणि शक्यतो वेगवेगळे घ्या. कॉपर माउंटन रिसॉर्टला वुडवर्डचा बार्न म्हणजे छताखालची सरावाची जागा आहे, २००९ पासून, आत ट्रॅम्पोलिन आणि फोमचे खड्डे, बर्फावर जायच्या आधी हवेत अंग कसं फिरतं हे तिथे कळतं आणि पडलं तरी फोममध्ये. तुमच्या घरापासून शनिवारी सकाळी आय-७० हायवेवरची गर्दी धरून पण होण्यासारखं आहे. हवेत उलटं होणं, म्हणजे फ्लिप, हा विषय बार्नच्या आणि कोचच्या बाहेर काढायचाच नाही, यावर तडजोड नको.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोनच गोष्टी. भारतातून गुलमर्ग किंवा औलीला जाणारे बरेच जण रील्स बघून तिथे बर्फाचा ढीग करून उड्या मारतात, चार दिवस शिकून. तिथे चार दिवसांत नीट वळणं आणि थांबणं जमलं तरी खूप झालं, उडी राहू दे, तो ढीग म्हणजे लँडिंग नसलेली जंप. आणि मुलांकडे अमेरिका-कॅनडात येणारे जे कोणी बर्फावर जाणार असतील त्यांनी ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये विंटर स्पोर्ट्स आहे का हे निघायच्या आधी वाचायचं, बऱ्याच पॉलिसीत ते वेगळं घ्यावं लागतं आणि कधी कधी फ्रीस्टाइल त्यातूनही वगळलेलं असतं.

तू आधी डॉक्टरचा फोन कर. मग नवीन हेल्मेट. मग आज रात्री तो व्हिडिओ मुलाबरोबर, आणि बायको आली तर तिच्याबरोबर, परत लाव, आवाज बंद करून, ब्रेक मारतो त्या क्षणाला थांबव आणि त्याला विचार, इथे तुला काय वाटलं होतं? तो बोलेपर्यंत तू काही बोलू नकोस. काय म्हणाला ते मला लिही.